मुक्कामाची उंची मोजा: एव्हरेस्ट बेस कॅम्पला पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

बेस कॅम्पला जायचंय म्हणणारा माणूस आधी आपले सह्याद्रीतले ट्रेक मोजून दाखवतो. राजगड-तोरणा एका दमात, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने, अलंग-मदन-कुलंग दोनदा. मी सगळं ऐकून घेतो आणि विचारतो, आजवर सगळ्यात उंचावर झोपलात कुठे? इथे बहुतेकांची गाडी अडते. आपलं सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर. बेस कॅम्पच्या अलीकडच्या शेवटच्या मुक्कामी, गोरक्षेपला, तुम्ही ज्या खोलीत रात्री पाठ टेकणार, ती त्याच्या तिपटीहून उंच आहे, ५१६४ मीटरवर.

वाट स्वतः अवघड नाही. दोर नाही, कातळ नाही, रानात वाट चुकायची भीती नाही. शतकानुशतकं शेर्पा लोक आणि त्यांची जनावरं जिथून चालत आली तीच पायवाट आहे. दर दोन-तीन तासांवर गाव किंवा निदान चार घरं लागतात. तिथे राहायला खोली आणि खायला गरम वरण-भात मिळतो. याच घरांना टीहाऊस म्हणतात. तंबू नको, शिधा नको, स्टोव्ह नको. म्हणूनच हा ट्रेक सोपा वाटतो आणि म्हणूनच लोक त्याचा बेत चुकीच्या टोकाकडून आखतात. रोज किती किलोमीटर चालायचं हे ठरवतात. ठरवायचं असतं ते रोज कुठे झोपायचं.

आधी मुक्काम ठरवा

उंचावर हवेतला ऑक्सिजनचा वाटा तेवढाच असतो, पण हवेचा दाब कमी झाल्याने एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन घटतो. बेस कॅम्पवर तो समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो. शरीर यावर मार्ग काढतं. श्वास वाढतो, लघवी वाढते, रक्ताचा समतोल हळूहळू नव्याने बसतो. या कामाला तास नाही, दिवस लागतात. त्यातून झोपेत श्वास मंदावतो, मधेच काही सेकंद थांबतो आणि मग दचकल्यासारखा जोरात सुरू होतो. दिवसा ठणठणीत असलेल्या माणसाचं डोकं पहाटे ठणकायला लागतं ते यामुळे. म्हणून हिशोब झोपायच्या उंचीचा.

नियम साधा आहे. ३००० मीटरच्या वर गेल्यावर आदल्या रात्रीपेक्षा फार तर ५०० मीटर उंच झोपायचं आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच गावात जास्तीची काढायची. दिवसा त्याहून वर जाऊन आलात तर चांगलंच.

हा नियम लावला की वेळापत्रक आपोआप उभं राहतं. लुक्लाला (२८६० मीटर) विमानातून उतरून त्याच दिवशी फाकदिंगला (२६१०) खाली उतरायचं. दुसऱ्या दिवशी नामचे बाजार (३४४०). नामचेला दोन रात्री. मग तेंगबोचे (३८६०), मग दिंगबोचे (४४१०), तिथे पुन्हा दोन रात्री. पुढे लोबुचे (४९१०), मग गोरक्षेप. गोरक्षेपला पोचल्या दिवशीच सामान टाकून बेस कॅम्पला (५३६४) जाऊन यायचं आणि दुसऱ्या पहाटे काला पत्थर, म्हणजे जिथून एव्हरेस्टचं शिखर दिसतं तो माथा. जाताना आठ दिवस, उतरताना तीन. लुक्ला ते लुक्ला अकरा रात्री धरा.

हेच दहा दिवसांत, नऊ दिवसांत करून देणारे पुष्कळ आहेत. रजा कमी असते, त्यामुळे जाहिरात मोहात पाडते. माझं मत स्पष्ट आहे. ज्या वेळापत्रकात दिंगबोचेची दुसरी रात्र नाही, ते फाडून टाका. उलट जमलं तर एक रात्र वाढवा. तेंगबोचे ते दिंगबोचे हा टप्पा ५५० मीटरचा, म्हणजे नियमाला थोडा घासून जातो. मधे पांगबोचेला (३९८५) थांबलात तर शरीर दुवा देईल.

चौदा-पंधरा दिवसांची रजा मिळतच नसेल तर बेस कॅम्पचा हट्ट सोडा. लांगटांग खोऱ्यात जा. काठमांडूहून बस किंवा जीपने स्याफ्रुबेसी, तिथून तीन दिवसांत क्यांजिन गोंपा (३८७०). विमानाची भानगड नाही, तीच टीहाऊस, तोच दाल-भात. २०१५च्या भूकंपात लांगटांग गावावर हिमकडा कोसळला आणि गावच गाडलं गेलं. वाचलेल्यांनी ते थोडं वर पुन्हा उभारलं आहे.

महिना कोणता

ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्चअखेर ते मे. पावसाळ्यात ढग, जळवा आणि रद्द होणारी विमानं. जानेवारीत आकाश निळंशार असतं, पण वरची काही टीहाऊस बंद असतात आणि पाण्याचे पाईप गोठलेले.

आपल्याकडचे बहुतेक जण दिवाळीची सुट्टी धरून निघतात. एक लक्षात असू द्या. आपला दसरा म्हणजे नेपाळचं दशैं, आणि आपल्या दिवाळीत त्यांचं तिहार. दशैंच्या आठवड्यात अख्खं काठमांडू गावी जातं. बसची तिकिटं मिळत नाहीत, कचेऱ्या बंद, पोर्टरही घरी गेलेले. शिवाय तोच ट्रेकचाही ऐन हंगाम. लोबुचे आणि गोरक्षेपला खोल्या मोजक्याच आहेत. ऑक्टोबरात तिथे जेवणघरातल्या बाकांवर झोपलेली माणसं मी पाहिली आहेत. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा मला सगळ्यात आवडतो. थंडी जास्त, गर्दी कमी.

लुक्लाचं विमान आणि मोकळे दिवस

लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटर लांब आणि जवळपास १२ टक्के चढाची आहे. एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला दरी. विमान चढावर उतरतं आणि उतारावरून सुटतं. वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसावीच लागते, म्हणून ढग आले की सगळं ठप्प. दुपारी वारा सुटतो, त्यामुळे उड्डाणं सकाळचीच.

ऐन हंगामात काठमांडूच्या विमानतळावर गर्दी असते, म्हणून बरीचशी लुक्लाची विमानं रामेछापजवळच्या मंथलीहून सुटतात. म्हणजे रात्री दीड-दोनला काठमांडूहून गाडी, चार-पाच तासांचा वळणावळणाचा रस्ता आणि पहाटे मंथली. तिथून उड्डाण जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचं. तिकीट काढताना विमान कुठून सुटणार हे विचारा. भारतीयांसाठी देशांतर्गत उड्डाणांना वेगळा दर असतो, तोही विचारून घ्या.

सामान माणशी १५ किलो, हातातलं धरून. काट्यावर खरंच तोलतात. जड बूट पायात आणि जाड जॅकेट अंगावर घालून लोक रांगेत घामाघूम उभे असतात.

आता महत्त्वाचं. परतीचं मुंबईचं विमान लुक्लाहून यायच्या दुसऱ्याच दिवशी कधीही काढू नका. निदान दोन दिवस मोकळे ठेवा. एकदा आम्ही एकच ठेवला होता. लुक्लाला सलग दोन दिवस ढग बसले आणि मुंबईची तिकिटं वाया गेली. त्या दोन दिवसांत आम्ही केलं काय, तर खिडकीत बसून डोंगराकडे बघत चहा प्यायलो. विमान येणार असलं की भोंगा वाजतो. पहिल्या दिवशी भोंगा वाजला की सगळे धावायचे. दुसऱ्या दिवशी कोणी मान वर केली नाही.

विमानाची भीतीच वाटत असेल तर काठमांडूहून जीपने सल्लेरी आणि पुढे जाता येतं. मग चालायचे दोन-तीन दिवस वाढतात, पण शरीराला उंचीची ओळख हळूहळू होते.

कागद आणि पैसे

भारतीयांना नेपाळला व्हिसा नाही. पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार कार्डावर १५ ते ६५ वयाच्या माणसाला सोडत नाहीत. विमानतळावर यावरून रडकुंडीला आलेली माणसं दर वर्षी दिसतात. पासपोर्ट असेल तर तोच न्या.

सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्क सार्क देशांच्या नागरिकांसाठी कमी आहे, इतर परदेशी लोकांच्या निम्मं, १५०० नेपाळी रुपये. पावती फाडणाऱ्याला आधीच पासपोर्ट दाखवा. त्याशिवाय खुंबूच्या, म्हणजे एव्हरेस्टच्या पायथ्याच्या या भागाच्या, खुंबू पासाङल्हामु गाउँपालिकेचं वेगळं शुल्क लुक्लालाच भरता येतं. उद्यानाचं शुल्क मोंजोच्या नाक्यावर. २०२३ मध्ये नेपाळने परदेशी ट्रेकर्सना गाईड सक्तीचा केला, पण खुंबूच्या पालिकेने तो नियम आपल्या हद्दीत लावला नाही. निघायच्या आधी एकदा ताजी स्थिती विचारून घ्या.

१०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये, हा दर बांधलेला आहे. भारतीय मोठ्या नोटांचे नियम बदलत आले आहेत, त्यामुळे शंभराच्या नोटा बऱ्या. काठमांडूत कुठे कुठे यूपीआयने पैसे देता येतात. डोंगरात मात्र रोकडच. नामचेला एटीएम आहे, त्याच्या वर काही धरू नका. नामचेचं मशीनही कधी कधी रुसतं, म्हणून रोकड काठमांडूतच काढा.

खर्चाचा माझा ठोकताळा दिवसाला ४ ते ५ हजार नेपाळी रुपये. त्यात खोली, तीन वेळचं जेवण, चहा, पाणी, फोन चार्ज करणं सगळं आलं. खोलीचं भाडं नाममात्र असतं. कमाई जेवणावर. म्हणून जिथे झोपाल तिथेच जेवायचं, हा इथला अलिखित करार. शेजारच्या घरात स्वस्त थुक्पा (शेवयांचं सूप) मिळतो म्हणून तिकडे गेलात तर मालकीणबाई खोलीचं भाडं दुप्पट लावेल आणि ते योग्यच आहे.

भाव उंचीबरोबर चढतात. खाली साताठशेला मिळणारा दाल-भात गोरक्षेपला हजाराच्या पुढे जातो. घासाघीस करू नका. तांदळाचं ते पोतं कोणाच्या तरी पाठीवरून किंवा याकच्या पाठीवरून आठवडाभर चालत आलेलं असतं.

गाईड, पोर्टर

वाट सापडायला गाईड लागत नाही. तरी पहिल्यांदा जाणाऱ्याने घ्यावा असं मी म्हणतो. तुमचं डोकं काम करेनासं होतं तेव्हा ज्याचं डोकं ठिकाणावर आहे असा एक माणूस सोबत लागतो. गर्दीच्या दिवसांत पुढच्या गावात फोन करून खोली धरून ठेवतो तोही तोच.

पोर्टर दोघांत एक पुरे. प्रत्येकाने दहा किलोच्या आत सामान द्यावं. त्याच्या पायात धड बूट आहेत का, अंगावर गरम जॅकेट आहे का, त्याचा विमा उतरवला आहे का, हे एजन्सीला पैसे द्यायच्या आधी विचारा. विचारल्यावर समोरचा चुळबुळ करायला लागला तर दुसरी एजन्सी बघा. पोर्टरही बहुतेक खालच्या गावांतून येतात. उंची त्यांनाही लागते आणि ते तुमच्याआधी सांगत नाहीत.

वयाने मोठ्या पुरुषाला दाइ, बाईला दिदी, लहान मुलाला भाइ म्हणायचं. एवढ्यावर निम्मी कामं होतात.

तीन महिन्यांची तयारी

जिममधल्या सायकलपेक्षा जिना बरा. आठवड्यातून चार दिवस पाऊण तास, पाठीवर हळूहळू आठ किलोपर्यंत वजन वाढवत. पुण्याचे असाल तर दर रविवारी सिंहगड, तोही घड्याळ न लावता. सिंहगडावर घड्याळ लावून चढायची सवय हीच पुढे नडते. गप्पा मारता मारता धाप न लागता चढता आलं पाहिजे. ती चाल खुंबूत लागते. उतरायचाही सराव करा, परतीचे तीन दिवस गुडघे खातात. बूट निदान दोन महिने वापरून मऊ करा. नवे बूट लुक्लाला पहिल्यांदा घालणाऱ्याचे फोड नामचेपर्यंत फुटलेले असतात.

डॉक्टरांकडे एकदा जाऊन या. रक्तदाब, साखर, दमा असेल तर नक्कीच. डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल त्यांच्याशीच बोला. तो त्रास होऊ नये म्हणून साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. ही गोळी लक्षणं झाकते असा एक समज पसरलेला आहे, तो चूक आहे. ती श्वास वाढवून शरीराला जुळवून घ्यायला मदत करते. बोटांना मुंग्या येतात आणि रात्री दोनदा उठावं लागतं. गोळी आहे म्हणून एक मुक्काम गाळायचा, असा सौदा मात्र करू नका.

विमा काढताना पॉलिसीत उंचीची मर्यादा वाचा. आपल्याकडच्या पुष्कळ प्रवास विम्यांत ३०००-४००० मीटरच्या वरचा ट्रेक बसतच नाही. ६००० मीटरपर्यंतचं आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च धरणारं संरक्षण हवं. तो खर्च काही हजार डॉलरच्या घरात जातो.

पिशवीत काय

याद्या सगळीकडे मिळतात, मी फक्त लोक चुकतात तेवढं सांगतो. स्लीपिंग बॅग उणे दहा-पंधराला चालेल अशी घ्या. विकत नको, काठमांडूत ठमेलला भाड्याने मिळते. टीहाऊसमध्ये जाड रजई मिळते, पण दोन्ही लागतात. सुती बनियन घरी ठेवा. घाम आला की ते ओलं राहतं आणि थांबल्या थांबल्या हुडहुडी भरते. फोन, पॉवर बँक आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या रात्री अंथरुणात घ्या. थंडीत त्या बसतात.

पाण्यासाठी दोन मजबूत बाटल्या आणि क्लोरीनच्या गोळ्या. खुंबूत एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर २०२० पासून बंदी आहे. रात्री उकळतं पाणी भरून घेतलेली बाटली मोज्यात घालून पायाशी ठेवा, सकाळी तेच कोमट पाणी प्यायला.

आणि घरून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि लोणावळ्याची चिक्की. हे गमतीत म्हणत नाही. ४००० मीटरच्या वर भूक मरते. समोर वाफाळता भात असतो आणि घास उतरत नाही. तिथे चिमूटभर लसणाच्या चटणीने अख्खं ताट संपतं. आमच्या गाईडला, दाइला, ती चटणी इतकी आवडली की परतताना डबीच मागून घेतली.

वाटेवर

फाकदिंग ते नामचे हा पहिला खरा दिवस. दूधकोशीवरचे झुलते पूल एकामागून एक येतात. त्यातला शेवटचा, सगळ्यात उंच, हिलरी पूल ओलांडला की सहाशे मीटरचा सरळ चढ. इथे सह्याद्रीवाला चूक करतो. पाय सशक्त, ऊन कोवळं, पुढे इतर देशांतली टोळी दिसते आणि आत कुठेतरी शर्यत सुरू होते. गाईड मागून 'बिस्तारै, बिस्तारै' (हळू, हळू) म्हणत राहतो. त्याचं ऐका. नाकाने श्वास घेऊन चालता येईल एवढाच वेग.

पुलावर समोरून खेचरं किंवा झोप्क्यो (याक आणि गाईचा संकर) येत असतील तर अलीकडेच थांबा. वाटेवर याक आले तर डोंगराच्या बाजूला सरका, दरीच्या बाजूला कधीच नाही. पाठीवरच्या गॅस सिलेंडरचा धक्का पुरतो. मंत्र कोरलेल्या मणी भिंती मधोमध लागतात. देवळाला प्रदक्षिणा घालतो तसं, भिंत उजव्या हाताला ठेवून जायचं.

नामचेचा विश्रांतीचा दिवस लोळायचा नाही. सकाळी स्यांगबोचेवरून एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत (३८८०) चढा, एक महाग चहा घ्या आणि खुमजुंगवरून उतरा. हिलरींनी १९६१ मध्ये उभारलेली शाळा तिथेच आहे. संध्याकाळी उरलेली खरेदी. शनिवार असेल तर हाट बाजार बघा.

तेंगबोचेला जाताना सकाळभर मिळवलेली उंची फुंकी थांगापर्यंत उतरून घालवावी लागते आणि मग पुन्हा सहाशे मीटर चढ. वैताग येतो. पण वर गोंपाचं, म्हणजे बौद्ध मठाचं, अंगण आणि त्यामागे अमा दबलमचं शिखर. १९१६ च्या सुमाराला स्थापन झालेला हा गोंपा १९३४ च्या भूकंपात पडला, १९८९ मध्ये जळाला आणि पुन्हा बांधला गेला. दुपारची प्रार्थना चालू असेल तर बूट काढून मागे बसा.

पांगबोचे सोडलं की झाडं संपतात. इथून टीहाऊसचं रूप बदलतं. संध्याकाळी पाचला जेवणघराच्या मधोमध असलेल्या लोखंडी शेगडीत दिदी वाळलेल्या शेणाच्या गोवऱ्या टाकते. आपल्या गोवरीसारखाच वास, फक्त याकचं शेण. सगळी माणसं भोवती गोळा होतात, मोजे दोरीवर टांगले जातात. आठपर्यंत उब, मग प्लायवूडच्या भिंतींची खोली, जिथे शेजारच्याचं घोरणं सोडा, कूस बदललेलीही ऐकू येते. जेवणाची ऑर्डर सहाच्या आत द्या आणि सगळ्यांनी मिळून एकच पदार्थ सांगा. एका चुलीवर पंधरा जणांचे पंधरा पदार्थ म्हणजे साडेआठला जेवण. मांस नामचेच्या वर टाळा. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत जनावर कापत नाहीत, सगळं मांस खालून दिवसेंदिवस चालत येतं. दाल-भात मात्र पुन्हा पुन्हा वाढतात, एका ताटाच्या पैशांत.

डोकं दुखायला लागलं तर

माझी पहिली खेप. दिंगबोचेची पहिली रात्र. कपाळावर पट्टा आवळल्यासारखं दुखत होतं, सूप बघून मळमळत होतं. दाइने विचारलं, "टाउको दुख्यो?" मी म्हणालो, "नाही, झोप कमी झाली." खोटं. सोबतचे सगळे ठीक होते आणि गटाला माझ्यामुळे थांबावं लागेल याची लाज वाटली. पहाटे उलटी झाली. दाइने काही न बोलता माझी पिशवी उचलली आणि मला पांगबोचेला खाली आणलं. दुपारी मी दोन ताटं भात खाल्ला. एक रात्र काढून पुन्हा वर गेलो आणि बेस कॅम्पही झाला. गेला तो फक्त एक दिवस.

म्हणून सांगतो, ३००० मीटरच्या वर डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, चक्कर किंवा गळून जाणं असेल तर ती उंचीच समजा. दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत तीच. लक्षणं आहेत तोवर त्याच गावात थांबायचं, वर जायचं नाही. वाढली तर उतरायचं.

दोन गोष्टींत थांबायलाही वेळ नाही. बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो, छातीत घुरघुर होते, म्हणजे फुप्फुसात पाणी. बोलणं अडखळतं, सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालता येत नाही, म्हणजे मेंदूला सूज. अशा वेळी रात्र असली तरी निदान ५०० ते १००० मीटर खाली, एकट्याला कधीच पाठवायचं नाही. हेलिकॉप्टर सकाळी येईल म्हणून वाट बघत बसू नका. फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं दवाखाना-केंद्र हंगामात चालू असतं आणि दुपारी उंचीवर एक मोफत बोलणं असतं. दिंगबोचेच्या विश्रांतीच्या दिवशी मधला छोटा डोंगर ओलांडून तिथे जाता येतं. दिंगबोचेवरच्या नांगकार्तशांगच्या टेकडीवर चढण्यापेक्षा ते ऐकणं मला जास्त उपयोगाचं वाटतं, तरी जमलं तर दोन्ही करा.

ऑक्सिमीटर सगळे नेतात आणि रात्री जेवताना आकड्यांची स्पर्धा लावतात. गोरक्षेपला ऐंशीच्या आसपास आकडा पुष्कळांचा असतो. आकडा नको, माणूस बघा. जेवतोय का, विनोद करतोय का, लघवीला जातोय का.

दारू आणि झोपेच्या गोळ्या उतरेपर्यंत बंद.

शेवटचे दोन दिवस वर

लोबुचेच्या वाटेवर थुकलाच्या खड्या चढानंतर एक उघडं पठार येतं. एव्हरेस्टवर आणि आसपास गेलेल्या गिर्यारोहकांच्या स्मृतीचे दगडी चौथरे, त्यांवर फडफडणाऱ्या प्रार्थनापताका. तिथे कोणी मोठ्याने बोलत नाही.

गोरक्षेपहून बेस कॅम्प जाऊन-येऊन पाच-सहा तास. आधीच सांगून ठेवतो, बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसत नाही. एव्हरेस्टचाच पश्चिम खांदा आड येतो. समोर असतो तो खुंबूचा हिमप्रपात आणि वसंतात पिवळ्या तंबूंची वस्ती. शिखर बघायचं तर दुसऱ्या पहाटे काला पत्थरवर (५५०० मीटरच्या वर). बहुतेक जण चारला निघतात, उणे पंधरा-वीसमध्ये. मला ते पटत नाही. सूर्य एव्हरेस्टच्या मागून येतो, म्हणजे पहाटे शिखर काळं दिसतं. सोनेरी रंग बघायचा तर आदल्या दुपारी जायला हवं. पण तेव्हा पाय बेस कॅम्पवर गेलेले असतात. अंगात त्राण नसेल तर काला पत्थर सोडा, त्यासाठी कोणी गुण कापत नाही.

मग त्याच दिवशी फेरिचेपर्यंत उतरा. रात्री पहिल्यांदा गाढ झोप लागते. दुसऱ्या दिवशी नामचे, तिसऱ्या दिवशी लुक्ला.

लुक्लाची शेवटची संध्याकाळ

पोचल्या पोचल्या दाइला घेऊन विमान कंपनीच्या खिडकीवर जा आणि उद्याचं तिकीट पक्कं करा. पहिल्या फेऱ्यांमधली जागा मागा, दुपारच्या ढगांपेक्षा सकाळचं आकाश बरं. गाईड-पोर्टरची बक्षिशी याच संध्याकाळी, पाकिटात घालून, प्रत्येकाच्या हातात वेगवेगळी. गाईडकडे एकत्र देऊ नका. नको असलेले हातमोजे, जॅकेट, उरलेली औषधं पोर्टरला विचारून द्या. आणि बूट विमानात पायातच ठेवा, तेवढंच वजन वाचतं. काठमांडूच्या बाजूला उडताना उजवी खिडकी मिळाली तर डोंगर बघायला मिळतात. जागा आखून दिलेल्या नसतात, त्यामुळे दारापाशी थोडं पुढे उभं राहायला हरकत नाही.